बर्फातल्या गॉगलची काच निवडताना : आकडा आधी, रंग नंतर

गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालेल्या मंडळींच्या सामानाच्या याद्या मी गेली काही वर्षे पाहत आलो आहे. हातमोजे एकपदरी असावेत की दुपदरी, थर्मलचे किती जोड न्यावेत, ओठांना काय लावावे, याविषयी दहा-दहा प्रश्न विचारलेले असतात आणि गॉगलसमोर मात्र ‘एक नग’ एवढेच लिहिलेले असते. बर्फावर पाय जितके काम करतात तितकेच डोळेही करतात. पुढच्या दोन मीटरवर काय आहे हे कळले नाही, तर गुडघ्यांना आणि घोट्यांना त्यासाठी तयार होण्याची संधीच मिळत नाही. म्हणून गॉगलच्या काचेविषयी, म्हणजे तिचा गडदपणा आणि तिचा रंग यांविषयी, नवशिक्यांसाठी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. (आपण सवयीने ‘काच’ म्हणतो, प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट हे मजबूत प्लास्टिक असते. या लेखात मी काच हाच शब्द वापरला आहे.)

माझ्या स्वतःच्या पहिल्या खेपेला मी पुण्याहून निळ्या आरशासारख्या चमकणाऱ्या काचेचा गॉगल घेऊन गेलो होतो. पहिला दिवस लख्ख उन्हाचा होता आणि गॉगल उत्तम वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढग खाली उतरले होते. गुलमर्गच्या रोपवेचा पहिला टप्पा जिथे संपतो त्या कोंगडोरीखालच्या एका सोप्या उतारावर, जिथून आदल्या दिवशी मी चार-पाच वेळा नीट खाली आलो होतो, तिथेच माझी स्की घोटाभर खोलीच्या एका नालीत गेली आणि मी खांद्यावर आपटलो. नाली दिसली नाही असे सांगितल्यावर प्रशिक्षकाने काही न बोलता स्वतःचा गॉगल काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्याची काच फिकट गुलाबी होती. त्याच जागेकडे पाहिले तेव्हा नालीची वरची कड एखाद्या पेन्सिलीच्या रेघेसारखी दिसली. पुसट होती, पण दिसत होती. माझ्या काचेतून तिथे नुसते राखाडी पटांगण होते. त्या संध्याकाळी मी माझी काच काढून तिच्या कडेवरचा बारीक मजकूर प्रथमच वाचला. त्यावर १२ टक्के असे लिहिले होते. खरेदी करताना मी फक्त रंग पाहिला होता. या आकड्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता.

पहिली पायरी : अतिनील किरणांची खात्री करून घ्या

रंग आणि गडदपणा यांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेतली पाहिजे, ती म्हणजे काच सूर्याचे अतिनील किरण पूर्णपणे अडवते की नाही. हे अडवणे काचेच्या गडदपणावर अवलंबून नसते. अगदी पारदर्शक, पाण्यासारखी दिसणारी पॉलिकार्बोनेटची काचही अतिनील किरण अडवू शकते आणि काळीकुट्ट स्वस्त काच ते आरपार सोडू शकते. ही दुसरी काच तर उघड्या डोळ्यांपेक्षाही वाईट. गडदपणामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तेवढ्या मोठ्या झालेल्या दारातून हे किरण आत शिरतात. खरेदी करताना ‘यूव्ही ४००’ किंवा ‘१०० टक्के यूव्ही संरक्षण’ असे लिहिलेले पाहावे. ४०० हा आकडा नॅनोमीटरचा आहे, म्हणजे त्या तरंगलांबीपर्यंतचे सारे अतिनील किरण अडवले जातात असा त्याचा अर्थ. शंका असेल तर चष्म्याच्या दुकानात जावे. बऱ्याच दुकानांत हे तपासण्याचे छोटे यंत्र असते आणि तपासणीला दोन मिनिटे लागतात.

थंडीत ऊन कोवळे असते, मग एवढी काळजी कशाला, असे कोणाला वाटेल. जानेवारीत काश्मीरमध्ये सूर्य कलता असतो हे खरे आहे. परंतु ताजा बर्फ आपल्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकू शकतो. गवताळ जमीन १० टक्केही परत फेकत नाही आणि समुद्रकिनाऱ्यावरची कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास थांबते. शिवाय दर १००० मीटर उंचीला या किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. त्याहून महत्त्वाचे असे की बर्फावरून येणारे किरण खालून येतात. भुवया, पापण्या आणि टोपीची झालर ही आपल्याला मिळालेली सगळी संरक्षणे वरून येणाऱ्या उन्हासाठी आहेत, खालून येणाऱ्या उजेडापुढे ती उपयोगी पडत नाहीत. ढगाळ दिवशीही हे किरण ढगांतून बऱ्याच प्रमाणात खाली येतात, म्हणून ‘आज ऊन नाही’ या कारणासाठी गॉगल काढून ठेवू नये.

दुर्लक्ष झाले तर जे होते त्याला इंग्रजीत ‘स्नो ब्लाइंडनेस’ म्हणतात. डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक पडद्याला झालेली ही उन्हाची भाजणी असते. ती फसवी असते, कारण दुखणे लगेच सुरू होत नाही. बहुतेकांना सहा ते बारा तासांनी, म्हणजे हॉटेलवर परतून जेवण झाल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटू लागते, पाणी वाहते आणि दिवा सहन होत नाही. असे झाल्यास डोळे चोळू नयेत, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढाव्यात, अंधाऱ्या खोलीत बंद डोळ्यांवर थंड ओली घडी ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. साधारण दोन-तीन दिवसांत बरे वाटते, पण आठवडाभराच्या सहलीतले तेवढे दिवस गेलेले असतात.

दुसरी पायरी : काचेवरचा आकडा वाचायला शिका

काच किती उजेड आत सोडते ते टक्क्यांत सांगणाऱ्या आकड्याला व्हीएलटी म्हणतात. १२ टक्के लिहिले असेल तर समोरून आलेल्या उजेडातला १२ टक्के डोळ्यांपर्यंत पोचतो, बाकीचा काचेतच अडतो किंवा बाहेर परावर्तित होतो. आकडा जितका लहान तितकी काच गडद. काही उत्पादक टक्केवारीऐवजी किंवा टक्केवारीसोबत ‘एस’ हे अक्षर आणि ० ते ४ यांपैकी एक अंक छापतात. ही वर्गवारी युरोपीय आणि आता आंतरराष्ट्रीय मानकांतून आलेली आहे. एस० म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक उजेड सोडणारी, जवळजवळ पारदर्शक काच. एस१ म्हणजे ४३ ते ८०, एस२ म्हणजे १८ ते ४३, एस३ म्हणजे ८ ते १८ आणि एस४ म्हणजे ३ ते ८ टक्के. एस४ ही हिमनदीवर किंवा फार उंचावर, दिवसभर कडक उन्हात वावरणाऱ्या गिर्यारोहकांसाठी असते. ती लावून गाडी चालवण्यास मनाई असते आणि स्की शिकणाऱ्याला तिची गरज पडत नाही.

हे आकडे एवढे लांब-लांब का ठेवले आहेत ते समजले की निवड सोपी होते. उजेड लक्स या एककात मोजतात. भर उन्हात उघड्यावर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. दाट ढग आले की तो १० हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. उन्हात १० टक्क्यांची काच लावली तर डोळ्यांना १० हजार लक्सच्या जगात असल्यासारखे वाटते आणि ते सुखाचे असते. हीच काच ढगाळ दिवशी लावली तर डोळ्यांपर्यंत १ हजार लक्स पोचतो, म्हणजे भर दुपारी संध्याकाळ होते. त्या उजेडातही माणूस चालू शकतो, पण पांढऱ्यावरचे पांढरे उंचवटे ओळखू शकत नाही. तेव्हा ५० ते ६० टक्क्यांची काच लावली, तर डोळे पुन्हा आपल्या सोयीच्या उजेडात येतात. काच बदलायची ती एवढ्याचसाठी.

याच कारणासाठी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गॉगल लावून ‘फार काळी आहे’ किंवा ‘बरोबर आहे’ असे ठरवू नये. तिथे उजेड काहीशे लक्सच असतो. त्या उजेडात बर्फासाठी योग्य असलेली प्रत्येक काच काळी वाटते आणि जी बरोबर वाटते ती बर्फावर डोळे दिपवते. निर्णय आकड्यावरून घ्यावा. हा आकडा काचेच्या कडेवर, पट्ट्यावर लावलेल्या लेबलवर किंवा खोक्यावर असतो. कुठेच आकडा नसेल आणि विक्रेत्यालाही सांगता येत नसेल, तर तो गॉगल घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग तो कितीही स्वस्त मिळत असो.

तिसरी पायरी : आता रंग

रंगाचे काम समजून घ्यायचे असेल तर घराच्या गच्चीवर एक छोटा प्रयोग करून पाहावा. एक पांढरा कागद चुरगाळावा, पुन्हा अर्धवट उलगडावा आणि सकाळच्या कलत्या उन्हात ठेवावा. घड्यांच्या ज्या बाजूंवर ऊन पडते त्या पिवळसर पांढऱ्या दिसतील. ज्या बाजू सावलीत आहेत त्या नीट पाहिल्या तर किंचित निळसर दिसतील, कारण त्यांच्यावर सूर्याचा नव्हे तर निळ्या आकाशाचा उजेड पडतो. आता हाच कागद पिवळ्या किंवा मधाच्या रंगाच्या काचेतून पाहावा. ही काच निळा उजेड अडवते, त्यामुळे निळसर सावल्या अधिक काळ्या होतात, उन्हातला भाग मात्र फारसा बदलत नाही, आणि घड्या ठसठशीत उठून दिसतात. राखाडी काचेतून पाहिले तर ऊन आणि सावली दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावतात. घड्या तेवढ्याच दिसतात, फक्त डोळ्यांना थंडावा मिळतो.

बर्फाचा उतार म्हणजे असाच एक फार मोठा चुरगाळलेला कागद असतो. पिवळ्या, मधाच्या, तांबूस, गुलाबी आणि शेंदरी छटांच्या काचा निळा उजेड कमी-अधिक प्रमाणात अडवून उंचसखलपणा ठळक करतात, म्हणून त्या कमी उजेडाच्या दिवसांसाठी वापरतात. तपकिरी आणि गडद तांबूस काचाही हेच काम करतात, पण त्यांचा आकडा लहान ठेवता येतो, म्हणून त्या उन्हात चालतात. राखाडी काच रंग जसेच्या तसे ठेवते. लख्ख उन्हात, जिथे सावल्या आपोआपच गडद असतात, तिथे ती आरामाची वाटते. हिरवट काच या दोहोंच्या मधली म्हणता येईल. लाल-हिरव्या रंगांत ज्यांची गल्लत होते त्यांनी गुलाबी आणि शेंदरी काच घेण्याआधी बाहेरच्या उजेडात लावून पाहावी, कारण उताराच्या कडेचे रंगीत झेंडे आणि खुणा तिच्यातून ओळखू येतात की नाही हे त्यांना स्वतःच ठरवावे लागेल.

अलीकडे ओकलीची प्रिझम, स्मिथची क्रोमापॉप अशा नावांच्या काचा मिळतात. त्यांत एखादा रंग सरसकट न अडवता, जिथे दोन रंग एकमेकांत मिसळून गोंधळ करतात तेवढाच तरंगलांबीचा पट्टा कमी केलेला असतो. त्यांतून बर्फाचा पोत खरोखर चांगला दिसतो. पण त्यांच्यातही उन्हाची आणि ढगाची काच वेगवेगळी असते आणि तिथेही आकडाच पाहावा लागतो. नव्याने शिकणाऱ्याने आधी योग्य आकड्याची साधी काच घेतली तरी त्याचे काही अडणार नाही.

आरशासारख्या मुलाम्याने सर्वाधिक फसगत होते. बाहेरून निळा, सोनेरी किंवा लाल दिसणारा हा थर उजेडाचा काही भाग परत फेकतो, पण तो काचेचा मूळ रंग नव्हे. बाहेरून निळ्या दिसणाऱ्या काचेच्या आत गुलाबी, तपकिरी किंवा राखाडी, काहीही असू शकते. म्हणून गॉगल समोरून पाहून घेऊ नये. तो डोळ्यांना लावून पांढऱ्या भिंतीकडे पाहावे आणि आतून कोणती छटा दिसते ते नोंदवावे. माझ्या त्या पहिल्या गॉगलची मूळ काच गडद राखाडी होती, म्हणजे ढगाळ दिवसासाठी जितकी अयोग्य असू शकते तितकी.

चौथी पायरी : डोंगर आणि महिना पाहून निवडा

कोणत्या उजेडाला कोणती काच, याचे कोष्टक कुठेही मिळते. पण उजेड डोंगरागणिक बदलतो, म्हणून मी गुलमर्गच्याच आधाराने सांगतो. गाव सुमारे २६५० मीटरवर आहे. गोंडोला म्हणजे रोपवे पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला साधारण ३१०० मीटरपर्यंत नेतो आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगराच्या खांद्यावर ३९०० मीटरच्या पुढे पोचवतो. पहिल्या टप्प्याच्या आसपास देवदारसदृश उंच झाडे आहेत, त्यांच्या वर भूर्जांची विरळ रांग आहे आणि त्याही वर एकही झाड नसलेली उघडी पांढरी परात. अफरवट हा गावाच्या पश्चिमेला आहे, म्हणून त्याच्या गावाकडच्या उतारांवर सकाळचे ऊन समोरून पडते आणि दुपार कलली की सूर्य डोंगराआड जाऊन तेच उतार, आकाश निरभ्र असतानाही, सावलीत जातात.

निरभ्र दिवशी सकाळी वरच्या उघड्या उतारावर जायचे असेल तर एस३, म्हणजे १० ते १५ टक्क्यांची राखाडी, तपकिरी किंवा गडद तांबूस काच लावावी. मी तपकिरी पसंत करतो, कारण दुपारी सावली आल्यावरही ती काही वेळ निभावून नेते. दुपारनंतर, किंवा ऊन आणि ढग यांची ये-जा चालू असताना, एस२, म्हणजे २० ते ४० टक्क्यांची गुलाबी किंवा तांबूस काच बरी. झाडांमधल्या उतारांवर ऊन आणि सावलीचे पट्टे एकामागून एक येतात. तिथे गडद काच लावली तर प्रत्येक सावलीत क्षणभर काहीच दिसत नाही, म्हणून तिथेही एस२ घ्यावी. बर्फ पडत असताना किंवा ढग अंगावर उतरले असताना एस१, म्हणजे ५० ते ६५ टक्क्यांची पिवळी, फिकट गुलाबी किंवा मधाच्या रंगाची काच लागते. रात्री दिव्यांच्या उजेडात स्कीइंग परदेशातल्या काही ठिकाणी चालते. तिथे जाणाऱ्यांनी पारदर्शक एस० न्यावी, इतरांनी तिचा खर्च करू नये.

महिना पाहूनही अंदाज बांधता येतो. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ला-ए-कलान म्हणतात. कडाक्याच्या थंडीचा आणि बर्फवृष्टीचा हा काळ. ताजा बर्फ मिळावा म्हणून बहुतेक जण याच काळात जातात आणि सोबत नेमका कडक उन्हाचा गॉगल घेऊन जातात. या दिवसांत ढगाची काच आधी घ्यावी. मार्च उजाडला की सूर्य वर येतो, दिवस मोठा होतो, तेव्हा उन्हाच्या काचेला अधिक काम पडते. औली किंवा सोलंगला जाणाऱ्यांनाही हाच विचार लागू पडतो. फक्त तिथल्या उतारांवर ऊन कोणत्या वेळी असते ते स्थानिक प्रशिक्षकाला आधी विचारून घ्यावे.

ढगाळ दिवसाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण नवशिके सर्वाधिक तिथेच पडतात. दाट ढगांतून येणारा उजेड चहूबाजूंनी सारखाच येतो, त्यामुळे सावलीच पडत नाही. स्कीइंग करणारे याला फ्लॅट लाइट म्हणतात. उजेड भरपूर असतो, पण चढ कुठे आणि खड्डा कुठे हे कळत नाही, कधीकधी आपण थांबलो आहोत की हळूहळू घसरत आहोत हेही समजत नाही. फिकट गुलाबी किंवा पिवळी काच डोळ्यांपर्यंत पुरेसा उजेड पोचवते आणि जो काही थोडाफार फरक शिल्लक असतो तो ठळक करते. जी सावली पडलेलीच नाही ती मात्र कोणतीही काच निर्माण करू शकत नाही. म्हणून अशा वेळी उघड्या उतारावर न जाता झाडांच्या कडेकडेने उतरावे. गडद खोडांमुळे उताराचा कोन कळतो. दोन वळणांच्या अंतरावर प्रशिक्षकाला किंवा जोडीदाराला पुढे ठेवावे आणि त्याचे गुडघे कुठे वर-खाली होतात ते पाहावे. आभाळ आणि जमीन एक होऊन काहीच दिसेनासे झाले तर थांबावे. त्या परिस्थितीत काच बदलून उपयोग होत नाही.

पाचवी पायरी : एक काच की दोन

माझा सल्ला स्पष्ट आहे. एकच काच घेण्याइतके पैसे असतील तर २५ ते ३५ टक्क्यांची गुलाबी किंवा तांबूस एस२ घ्यावी. कडक उन्हात थोडे डोळे बारीक करावे लागतील, पण टोपीची किंवा हेल्मेटची झालर मदत करेल आणि ढगात अगदीच अंधार होणार नाही. दोन काचांची तयारी असेल तर मधली सोडून दोन टोके घ्यावीत : एक १० ते १५ टक्क्यांची आणि एक ५० ते ६० टक्क्यांची. महाग चौकट आणि एक काच यांपेक्षा साधी चौकट आणि दोन काचा हा व्यवहार मला नेहमीच शहाणपणाचा वाटला आहे. डेकॅथलॉनसारख्या दुकानांत एस१ आणि एस३ असे स्पष्ट छापलेले साधे गॉगल मिळतात. असे दोन स्वतंत्र गॉगल नेले तरी चालते. एक ओला झाला किंवा आतून धुकटला तर दुसरा कोरडा हाती असतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

काच बदलण्याची पद्धतही खरेदीआधी पाहावी. काही चौकटींत काच खोबणीत दाबून बसवतात, काहींत लोहचुंबकाने चिकटते. घरी उबदार हातांनी खोबणीतली काच सहज बसते, उणे दहा अंशांत, बोटे सुन्न झालेली असताना तीच दहा मिनिटे खाते. दुकानात हातमोजे घालून काच काढून-घालून पाहावी आणि गोंडोलाच्या बंद केबिनमध्ये, वारा नसताना बदलण्याची सवय लावून घ्यावी.

उजेडानुसार आपोआप गडद-फिकट होणाऱ्या फोटोक्रोमिक काचांचे आकर्षण पुष्कळांना असते. चांगल्या असतात, पण त्यांचे दोन स्वभाव माहीत असावेत. त्या प्रामुख्याने अतिनील किरणांमुळे गडद होतात, म्हणून ढगाळ दिवशी दिसणारा उजेड कमी असूनही गरजेपेक्षा काळ्या राहू शकतात. आणि थंडीत त्या अधिक गडद होतात व फिकट व्हायला अधिक वेळ घेतात. उन्हातून एकदम झाडीत शिरल्यावर ती काही मिनिटे जड जातात. दिवसभर हळूहळू चालणाऱ्या गिर्यारोहकाला त्या अधिक सोयीच्या वाटतात.

पोलराइज्ड काच सपाट पृष्ठभागावरून तिरपी येणारी चकाकी कापते. गाडी चालवताना किंवा समुद्रावर तिचा मोठा उपयोग होतो. उतारावर मात्र घट्ट बर्फाचा चमकणारा पट्टा हीच धोक्याची सूचना असते आणि ही काच ती चमक मंद करते. ताज्या, भुसभुशीत बर्फावरून येणारा उजेड तर विखुरलेलाच असतो, तिथे तिला फारसे काम उरत नाही. नवशिक्याने तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत असे मला वाटते.

चष्मेवाले, मुले आणि ट्रेकला जाणारे

चष्मा लावणाऱ्यांनी ‘ओटीजी’ (ओव्हर द ग्लासेस, म्हणजे चष्म्यावरून घालायचा) असे लिहिलेला, कानशिलाजवळ चष्म्याच्या दांड्यांसाठी खाच असलेला गॉगल घ्यावा आणि खरेदीला जाताना नेहमीचा चष्मा लावूनच जावे. अंगाला रंग चढणारा, म्हणजे उन्हात काळा होणारा चष्मा असेल, तर गॉगलच्या काचेने अतिनील किरण अडल्यामुळे तो आत फारसा काळा होणार नाही. गॉगलची काच निवडताना त्याचा हिशेब धरू नये.

मुलांच्या डोळ्यांतून अतिनील किरण मोठ्यांपेक्षा अधिक खोल जातात, म्हणून ‘त्याला जरा बर्फात खेळू दे, गॉगल नंतर घालू’ असे करू नये. त्यांच्यासाठी एस२ची एकच काच पुरते, कारण ती बदलण्याचा उत्साह मुलांमध्येही नसतो आणि आईवडिलांमध्येही.

डिसेंबर-जानेवारीत केदारकांठासारख्या ट्रेकला महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने लोक जातात. चढताना घाम येतो आणि बंद गॉगल आतून धुकटतो. त्यांनी चढासाठी एस३चा, बाजूंनीही उजेड अडवणारा साधा उन्हाचा चष्मा न्यावा आणि वारा किंवा बर्फ सुरू झाल्यावर लावण्यासाठी एस१ किंवा एस२चा गॉगल पिशवीत ठेवावा. भाड्याने गॉगल घेणार असाल तर तो आकाशाकडे धरून चरे पाहावेत. चरे पडलेल्या काचेत ऊन पसरते आणि तिचा रंग कितीही योग्य असला तरी समोरचे धूसर दिसते.

वापरताना आणि रात्री ठेवताना

बर्फाच्या गॉगलमध्ये बहुधा दोन काचा असतात आणि मध्ये हवेची पोकळी असते. आतल्या काचेवर धुके न धरणारा नाजूक लेप असतो. आत पाणी किंवा बर्फ गेला तर बोटाने, हातमोज्याने किंवा रुमालाने घासू नये. गॉगल झटकावा आणि सोबतच्या मऊ कापडाने फक्त टिपून घ्यावे. एकदा घासलेला लेप परत येत नाही आणि मग प्रत्येक श्वासाला काच पांढरी होते. थांबल्यावर गॉगल कपाळावर चढवण्याची सवयही सोडावी, कारण कपाळाची ऊब आणि घाम थेट आतल्या काचेवर जातो. तो डोळ्यांवरच राहू द्यावा किंवा पूर्ण काढून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावा. जादा काच पाठीवरच्या पिशवीत सुट्टी टाकू नये. ती मऊ कापडी पिशवीत, आतली बाजू आत राहील अशी ठेवावी.

संध्याकाळी खोलीत बुखारी, म्हणजे खोली गरम करणारी शेगडी, पेटलेली असते आणि ओले हातमोजे, मोजे, टोप्या सगळे तिच्याभोवती टांगले जाते. गॉगल तिथे टांगू नये. जास्त उष्णतेने दोन काचांमधला जोड सुटू शकतो आणि मग पोकळीत शिरलेली वाफ कशानेही निघत नाही. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिळ्याला पट्ट्याने अडकवून, काच भिंतीला टेकणार नाही असा रात्रभर वाळू द्यावा, आणि सकाळी निघण्यापूर्वी दारात उभे राहून अफरवटकडे पाहून त्या दिवशीची काच बसवावी. दुसरी काच खिशात आहे ना, ते चाचपून मगच कुलूप लावावे.